‘इंग्रजी कच्चं आहे, मग जर्मन कसं येणार?’ : जर्मन क्लासचं गणित आणि आपली मराठी



ज्यांना इयरफोन लावून ऐकायला जमत नाही, किंवा ज्यांच्या गावात नेट अडकत अडकत चालतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, मधले ‘अं’ आणि ‘म्हणजे ना’ तेवढे कापलेत. जर्मन शब्द देवनागरीत लिहिलेत. देवनागरीत जर्मन उच्चार शंभर टक्के बसत नाहीत, पण रोमन लिपी बघून आपण जे इंग्रजी वळणाने वाचतो, त्यापेक्षा बरे बसतात.

मागच्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त मेसेज एकाच विषयावर आले: ‘दादा, जर्मनचा क्लास लावलाय, काहीच कळत नाही.’ कुणी पुण्यात पीजीमध्ये राहून शिकतंय, कुणी वाशिमला, कुणी घरूनच झूमवर. फी भरून झालीय, वही टेबलांनी भरलीय, आणि तोंडातून एक वाक्य निघत नाही. आणि जवळपास प्रत्येक मेसेजच्या शेवटी एक ओळ असते: ‘माझं इंग्रजी कच्चं आहे, म्हणून होत असेल.’

आजचा एपिसोड त्या शेवटच्या ओळीबद्दल आहे. मी शिरपूर जैनचा, मराठी माध्यमात शिकलेला, आता सॉफ्टवेअर इंजिनिअर. जर्मनचा तज्ज्ञ नाही, बी-वनपर्यंत पोचलेला विद्यार्थी आहे. पण एवढं ठामपणे सांगतो, की जर्मन अडण्याचं कारण बहुतेक वेळा तुमचं इंग्रजी नसतं. ती तुम्हाला इंग्रजीतून शिकवली जाते, हे कारण असतं.

एवढे क्लास अचानक आले कुठून?

आधी थोडी पार्श्वभूमी. जर्मनीत म्हातारी माणसं वाढतायत, काम करणारे हात कमी पडतायत. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, प्लंबर, आयटीवाले, सगळेच हवेत. २०२० पासून त्यांनी कुशल कामगारांसाठीचा कायदा सैल करत आणला. डिसेंबर २०२२ मध्ये भारत आणि जर्मनीत स्थलांतराचा करार झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने जाहीर केलं, की कुशल भारतीयांसाठीचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत वाढवणार.

आपल्या राज्याचा धागा याहून जुना आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. श्टुटगार्ट म्हणजे बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याची राजधानी, मर्सिडीजचं गाव. त्याच मर्सिडीजच्या गाड्या आपल्या चाकणला तयार होतात. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने याच बाडेन-वुर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात १० हजार तरुणांचं उद्दिष्ट आणि मोफत जर्मन प्रशिक्षण, अशी ती घोषणा होती. बातमी गावोगावी पोचली आणि तिच्यामागून क्लासच्या पाट्याही लागल्या.

यात चांगली माणसं आहेत, मन लावून शिकवणारे शिक्षक आहेत. पण मागणी एका रात्रीत वाढली आणि शिक्षक काही एका रात्रीत तयार होत नाहीत. त्यामुळे कालपरवा ए-टू झालेला माणूस आज ए-वन शिकवताना दिसतो. त्याला वाईट म्हणावं असं नाही, पण फी मात्र पूर्ण घेतली जाते.

कुणाला किती जर्मन लागतं?

ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू या सहा पायऱ्या युरोपात सगळ्या भाषांसाठी वापरतात. तुम्हाला कुठपर्यंत चढायचंय हे आधी ठरवा, कारण क्लासवाले सगळ्यांना एकाच गाडीत बसवतात.

नर्स म्हणून पूर्ण मान्यता हवी असेल तर साधारण बी-टू लागतं. ‘आउसबिल्डुंग’, म्हणजे कंपनीत काम करत करत शिकायचा जर्मन पद्धतीचा कोर्स, त्यासाठी बहुतेक ठिकाणी बी-वन मागतात. आयटीत ब्लू कार्डवर जाणाऱ्याला कायद्याने जर्मनची सक्ती नाही. १ जून २०२४ पासून सुरू झालेल्या ऑपॉर्च्युनिटी कार्डासाठी, म्हणजे तिकडे जाऊन नोकरी शोधायच्या परवानगीसाठी, जर्मन ए-वन किंवा इंग्रजी बी-टू यांपैकी एक चालतं. अर्थात त्याला शिक्षण आणि पैशाच्या बाकी अटी आहेतच.

म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त जर्मन लागतं, ती नर्सिंग, आयटीआय, डिप्लोमा केलेली मुलं-मुली आहेत. आणि हीच मुलं बहुतेक मराठी माध्यमातली असतात. क्लासच्या पहिल्याच दिवशी त्यांना इंग्रजीतून ‘डेटिव्ह’ आणि ‘अक्युझेटिव्ह’ समजावलं जातं.

‘तीन महिन्यांत बी-वन’ : चला, हिशोब करू

गोएथे-इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार ए-वनला ८० ते २००, ए-टूपर्यंत २०० ते ३५०, बी-वनपर्यंत ३५० ते ६५० आणि बी-टूपर्यंत ६०० ते ८०० तास लागतात. हे तास सुरुवातीपासून मोजलेले आहेत आणि एक तास ४५ मिनिटांचा, आपल्या शाळेच्या तासासारखा.

आता पाटीवरची जाहिरात घेऊ: रोज एक तास, आठवड्यात पाच दिवस, तीन महिने. म्हणजे १३ आठवडे गुणिले ५, झाले ६५ घड्याळी तास. शाळेच्या तासात मोजले तर साधारण ८७. यात जेमतेम ए-वनची खालची हद्द ओलांडते. बी-वनचे मधले ५०० तास धरले तर ते ३७५ घड्याळी तास होतात. तीन महिन्यांत बसवायचे असतील तर रविवार न सोडता रोज चार तासांच्या वर. कुणी मन लावून बसलं तर हे अशक्य नाही, पण रोज एका तासाच्या क्लासमध्ये ते होत नाही. मग बाकीचे तास कुठून येणार हे क्लासने तुम्हाला सांगायला हवं, आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही.

दुसरा हिशोब बोलण्याचा. वर्गात ४० जण, तास ६० मिनिटांचा. सर किंवा मॅडम ५० मिनिटं समजावतात, उरलेली दहा मिनिटं मुलांची. प्रत्येकाच्या वाट्याला १५ सेकंद. ६५ दिवसांत मिळून सव्वासोळा मिनिटं. तीन महिन्यांत सोळा मिनिटं बोललेला माणूस परीक्षेत पंधरा मिनिटं कसा बोलेल?

आणि परीक्षा बोलायला लावते. गोएथेची बी-वन चार भागांत असते: वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं. प्रत्येक भागात १०० पैकी ६० लागतात. एका भागातले जास्तीचे मार्क दुसऱ्या भागात चालत नाहीत. बोलण्याच्या भागात समोरच्या उमेदवारासोबत एखादा कार्यक्रम ठरवायचा असतो, एका विषयावर थोडं सादर करायचं असतं, मग प्रश्नोत्तरं. ‘डेर’ची टेबलं म्हणून दाखवा, असं कुणीही म्हणत नाही.

क्लास नेमका कुठे बिघडतो

मी ज्या क्लासला होतो, तिथे तिसऱ्या दिवशी फळ्यावर सोळा खणांचं टेबल आलं. चार विभक्ती, तीन लिंगं आणि अनेकवचन. ‘पाठ करा’, एवढंच स्पष्टीकरण. त्या सोळा खणांत खरे शब्द फक्त सहाच आहेत: डेर, डी, डास, डेन, डेम, डेस. तेच फिरून फिरून येतात. पण हे सांगितलं गेलं नाही, आणि ते कुठे वापरायचे हे तर त्याहून नाही.

मेसेजेस वाचून जो पॅटर्न दिसला तो असा. सगळं इंग्रजीतून समजावणं. पुस्तक वाचून दाखवणं आणि त्याला शिकवणं म्हणणं. ऐकण्याचा सराव शून्य, कारण वर्गात स्पीकर नाही. लिहिलेला मेल कुणी तपासून परत देत नाही. चुकलं की कारण न सांगता ‘राँग’ म्हणून पुढे. आणि महिन्याभराने जो मागे पडला त्याला सल्ला: ‘आधी तुमचं इंग्रजी सुधारा.’

आमच्या शिरपूरच्या एका मैत्रिणीला हेच ऐकावं लागलं. जीएनएम झालेली, जिल्ह्याच्या ठिकाणी दोन वर्षं वॉर्डात रात्रपाळ्या केलेली मुलगी. घरी चार एकर कोरडवाहू, फी सोयाबीनच्या पैशातून भरलेली. दोन महिन्यांनी तिने क्लासला जाणं बंद केलं. मला फोनवर म्हणाली, “मले वाटलं आपलं डोकंच नाही पुरत.” जी बाई रात्री तीन वाजता तीस पेशंटचं औषधपाणी न चुकता सांभाळते, तिचं डोकं पुरत नाही?

मी तिला एकच वाक्य दिलं. ‘वाइल इश हॉयटे क्रांक बिन.’ आणि शब्दाखाली शब्द लिहायला सांगितला. वाइल म्हणजे कारण. इश म्हणजे मी. हॉयटे म्हणजे आज. क्रांक म्हणजे आजारी. बिन म्हणजे आहे. ‘कारण मी आज आजारी आहे.’ एक शब्दही जागचा हलला नाही.

थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, “अरे, हे त आपल्यावानीच हाये!”

हेच वाक्य क्लासमध्ये कसं शिकवतात? ‘बिकॉज आय अ‍ॅम सिक टुडे’ लिहायचं, मग ‘अ‍ॅम’ उचलून शेवटी न्यायचं, ‘टुडे’ मागून पुढे आणायचं, आणि वर नियम पाठ करायचा की अमुक शब्दांनंतर क्रियापद शेवटी जातं. इंग्रजी बोलणाऱ्याला ही कसरत करावीच लागते. मराठी माणसाने ती का करावी? आपलं क्रियापद जन्मापासून शेवटीच आहे.

मराठीने आधीच शिकवून ठेवलेल्या गोष्टी

पहिली, तीन लिंगं. इंग्रजीत नाहीत, हिंदीत दोनच आहेत. मराठीत तो, ती, ते. जर्मनमध्ये डेर, डी, डास. विशेषणही आपल्यासारखंच बदलतं. चांगला माणूस, चांगली बाई, चांगलं मूल. आइन गूटर मान, आइने गूटे फ्राउ, आइन गूटेस किंट. तुम्ही ‘चांगला बाई’ असं कधी चुकून तरी म्हणता का? नाही ना? मग हा नियम तुमच्या कानात आधीच आहे, फक्त शेपट्या नव्या शिकायच्यात.

दुसरी, विभक्ती आणि सामान्यरूप. दहावीच्या व्याकरणात मार्कांसाठी केलेलं सामान्यरूप आठवा. ‘तो माणूस’, पण ‘त्या माणसाला’. ‘तो’चा ‘त्या’ का झाला? कारण पुढे ‘ला’ आला. जर्मनमध्ये ‘डेर मान’, पण त्या माणसाला द्यायचं असेल तर ‘डेम मान’. ‘तो’चा ‘त्या’ होतो तसाच ‘डेर’चा ‘डेम’ होतो. ‘ती बाई, त्या बाईला’, तसं ‘डी फ्राउ, डेर फ्राउ’. डेटिव्ह या शब्दाला घाबरण्यासारखं यात काय आहे? शाळेत संस्कृत घेतलं असेल तर आठ विभक्त्या तुम्ही पार केल्यात, जर्मनमध्ये चारच आहेत.

तिसरी, ‘मला’ने सुरू होणारी वाक्यं. ही माझी सगळ्यात आवडती. आपण म्हणतो ‘मला ते घर आवडतं’. इंग्रजीत ‘आय लाइक’, म्हणजे ‘मी’. जर्मनमध्ये म्हणतात ‘मिअर गेफेल्ट डास हाउस’. मिअर म्हणजे मला, किंवा आमच्याकडे म्हणतात तसं ‘मले’. गेफेल्ट म्हणजे आवडतं, डास म्हणजे ते, हाउस म्हणजे घर. तसंच थंडी वाजली की ‘मिअर इस्ट काल्ट’, म्हणजे ‘मला गार वाटतंय’. आता ‘आय अ‍ॅम कोल्ड’वरून भाषांतर केलं तर काय होईल? ‘इश बिन काल्ट’. त्याचा सूर जातो ‘मी थंड माणूस आहे’ असा. थंडी सांगायला गेलात आणि स्वभाव सांगून आलात. इंग्रजीवरून गेलात तर वाक्य चुकतं, मराठीवरून गेलात तर बरोबर येतं.

चौथी, तू आणि तुम्ही. जर्मनमध्ये मित्राला, घरच्यांना, लहानांना ‘डू’. अनोळखी मोठ्या माणसाला, साहेबाला, पेशंटला ‘झी’, आणि सोबत अनेकवचनी क्रियापद. आपण ‘बाबा आला’ म्हणत नाही, ‘बाबा आले’ म्हणतो. मान द्यायला अनेकवचन, ही पद्धत दोन्हीकडे आहे. इंग्रजीतल्या एकट्या ‘यू’वरून हे समजवायला तास जातो. मराठीत एक वाक्य पुरतं.

पाचवी, आकडे. जर्मनमध्ये २१ म्हणजे ‘आइन-उंट-ट्स्वान्त्सिश’, एक आणि वीस. ४५ म्हणजे ‘फ्युन्फ-उंट-फिअर्त्सिश’, पाच आणि चाळीस. इंग्रजीतून शिकणारी मुलं इथे रडकुंडीला येतात. पण आपण काय म्हणतो? एकवीस. पंचेचाळीस. आधी एकक, मग दशक. आठवतंय का, २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी वाचनाची सोपी पद्धत दिली म्हणून केवढा गदारोळ झाला होता? मजा म्हणजे जर्मनीतही अशीच एक संस्था आहे. ‘ट्स्वान्त्सिश-आइन्स’, म्हणजे ‘वीस एक’, हेच तिचं नाव, आणि आकडे सरळ क्रमाने म्हणायची मुभा द्या, ही तिची मागणी. दोन्हीकडच्या लेकरांचं दुखणं सारखंच! एक फरक लक्षात ठेवा: आपण २९ला ‘एकोणतीस’, म्हणजे तिसाला एक कमी म्हणतो, ते सरळ ‘नऊ आणि वीस’ म्हणतात.

सहावी, एक उच्चार. जर्मनमध्ये इंग्रजीतल्या ‘झेड’ या अक्षराचा उच्चार ‘त्स’ असा होतो. इंग्रजीच्या सवयीने मुलं त्याचा ‘झ’ करतात. आपल्याकडे दोन ‘च’ आहेत: चिमणीतला आणि चुलीतला. तो चुलीतला ‘च’ म्हणजेच जर्मन ‘त्स’. ‘ट्सूग’ म्हणजे रेल्वेगाडी, आणि शेवटच्या ‘ग’चा उच्चार ‘क’ होतो. मग तो शब्द कसा ऐकू येतो? हुबेहूब आपल्या ‘चूक’सारखा! ऑडिओत मी दोन्ही पाठोपाठ म्हटलेत, ऐकून बघा. बाकी ‘इश’मधला शेवटचा आवाज मात्र ‘श’ आणि ‘ह’च्या मधला आहे, तो ऐकूनच बसवावा लागतो.

या सारखेपणातला काही भाग योगायोग आहे, काही दूरचं नातं आहे. मराठी आणि जर्मन एकाच मोठ्या भाषाकुळातल्या. आठ आणि ‘आख्ट’, नऊ आणि ‘नॉइन’, नाव आणि ‘नामे’. भारतातल्या गोएथे-इन्स्टिट्यूटला ‘मॅक्स म्युलर भवन’ म्हणतात ते ज्यांच्या नावाने, ते माक्स म्युलर संस्कृतचे जर्मन अभ्यासक. ऋग्वेदाची छापील आवृत्ती संपादित करण्यात त्यांनी अनेक वर्षं घातली आणि भारतात ते कधी आलेही नाहीत. म्हणजे दुरून भाषा शिकता येते, याचा पुरावा त्यांच्याच नावाच्या पाटीवर आहे.

आणि मराठी कुठे फसवते

आता नाण्याची दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल दादाने हवेत नेलं.

लिंगं तीन असली तरी वाटणी वेगळी आहे. घर, पुस्तक, पाणी, मूल ही आपल्याकडे ‘ते’ आणि तिकडेही ‘डास’, पण तो नशिबाचा भाग. आपला सूर्य ‘तो’, त्यांची ‘झोने’ म्हणजे ‘ती’. त्यामुळे नवा शब्द वहीत लिहिताना डेर, डी, डास सोबतच लिहायचं.

दुसरं, आपला ‘ला’ दोन कामं करतो. ‘मी त्या माणसाला बघतो’ आणि ‘मी त्या माणसाला पाणी देतो’. आपल्याकडे दोन्हीकडे ‘ला’. जर्मनमध्ये बघताना ‘डेन मान’, देताना ‘डेम मान’. मराठी मुलांच्या चुका इथे हमखास होतात. चांगल्या शिक्षकाने आठवडाभर याच्यावरच घालवावा. इंग्रजीतून शिकवणाऱ्याला ही चूक का होते हेच दिसत नाही, कारण तो तुमच्या मराठीकडे बघतच नाही.

तिसरं, साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येतं. ‘इश ट्रिंके टे’, मी पितो चहा. ‘आज’ पुढे आणलं तर ‘हॉयटे ट्रिंके इश टे’, आज पितो मी चहा. ‘येतो मी’, ‘बघतो मी’ असं आपण बोलतोच, तो कान इथे वापरा. ‘वाइल’ आलं की मात्र क्रियापद परत शेवटी, म्हणजे आपल्या घरी.

चौथं, सगळीच ‘मला’ची वाक्यं ‘मिअर’ने होत नाहीत. ‘मला भूक लागली’ला ते ‘इश हाबे हुंगर’ म्हणतात, माझ्याकडे भूक आहे. अशी वाक्यं वेगळ्या पानावर लिहून ठेवा.

फी भरण्याआधी हे विचारा

एक. कोणत्या पातळीला एकूण किती तास, आणि वर्गात किती जण? उत्तर मिळालं की वरचा हिशोब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करा.

दोन. शिकवणाऱ्याची स्वतःची पातळी कोणती आणि प्रमाणपत्र कुणाचं? निदान दोन पायऱ्या वरचा माणूस असावा.

तीन. आम्ही कोणत्या परीक्षेची तयारी करतोय? ‘आमचं सर्टिफिकेट मिळेल’ असं उत्तर आलं तर सावध. व्हिसासाठी मान्यताप्राप्त परीक्षेचंच प्रमाणपत्र चालतं, क्लासचं नाही.

चार. लिहिलेलं तपासून कोण देणार, आणि किती दिवसांत?

पाच. एक तास बसून बघू का? त्या तासात मुलांच्या तोंडून किती जर्मन निघालं ते मोजा. सर किती छान बोलले ते मोजू नका.

आणि क्लाससोबत ‘नोकरीची हमी’ विकत असतील तर भाषेचं सोडा, आधी ती एजन्सी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का बघा. नसेल तर पैसे खिशातच ठेवा.

फी भरून झाली असेल तर?

बरेच जण म्हणतील, दादा, हे आधी सांगायचं होतं, आमचे पैसे गेले. ठीक आहे. क्लास सोडू नका, पण त्याच्यावर विसंबूही नका. क्लासला फक्त वेळापत्रक समजा आणि शिकणं स्वतःच्या मोबाइलवर आणा.

डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा ‘निकोस वेग’ हा कोर्स फुकट आहे, ए-वनपासून बी-वनपर्यंत. एका मुलाची गोष्ट व्हिडिओतून पुढे सरकते, म्हणजे कान आपोआप तयार होतो. जर्मनीतल्या लोकशिक्षण केंद्रांच्या महासंघाचं ‘फाउ-हा-एस लेर्नपोर्टाल’ही फुकट आहे. गोएथेच्या वेबसाइटवर प्रत्येक पातळीची नमुना प्रश्नपत्रिका ऑडिओसकट आहे. ती शेवटच्या आठवड्यात उघडू नका, पहिल्याच आठवड्यात उघडा. काय विचारतात ते कळलं की क्लासमधलं काय लक्ष देऊन ऐकायचं आणि काय सोडायचं तेही कळतं.

रोजची पद्धत साधी ठेवा. वीस मिनिटं ऐका आणि मागोमाग म्हणा. मग पाच वाक्यं लिहा, प्रत्येक शब्दाखाली मराठी शब्द. इंग्रजी मध्ये आणायचंच नाही. जिथे मराठी क्रम जुळला तिथे बरोबरची खूण, जिथे फसला तिथे लाल गोल. महिन्याभराने ते लाल गोल बघा. ते तुमचं स्वतःचं व्याकरणाचं पुस्तक असेल, कोणत्याही क्लासच्या झेरॉक्सपेक्षा कामाचं. आणि वर्गातलाच एक जोडीदार पकडा. रोज दहा मिनिटं फोनवर फक्त जर्मन, मोडकंतोडकं चालेल. महिन्यात ते तीनशे मिनिटं होतात. पंधरा सेकंदांच्या वर्गात एवढं बोलायला काही वर्षं लागली असती.

ती मैत्रीण आता असंच शिकतेय. ए-टू झालं, बी-वनच्या चारपैकी दोन भाग सुटलेत, ऐकणं आणि बोलणं बाकी आहे. बी-टू अजून लांब आहे, आणि तिलाही ते माहीत आहे. परवा तिने व्हॉइस नोट पाठवली, एका काल्पनिक पेशंटशी बोलतानाची. ‘झी’ आणि ‘डू’ एकदाही चुकलं नाही. विचारलं तर म्हणाली, “त्यात काय चुकायचं? म्हाताऱ्या माणसाले अरे-तुरे करते काय कोणी?”

तर मंडळी, कुणी तुम्हाला ‘आधी इंग्रजी सुधारा’ म्हणालं, तर इंग्रजी जरूर सुधारा, कामाची भाषा आहे. पण जर्मन त्यासाठी थांबवू नका. तिला लागणारं अर्धं सामान तुमच्या घरातच आहे.

तुमच्या क्लासचा हिशोब काय निघाला, तास किती आणि सेकंद किती, ते नक्की कळवा. क्लासचं नाव लिहू नका, आकडे लिहा. पुढच्या एपिसोडमध्ये ‘डेन’ आणि ‘डेम’ची भानगड फक्त मराठी वाक्यांवरून सोडवू. तोवर रोज पाच वाक्यं. भेटूच!